पूर्व भागातलं थिसिसचं दुकान: बाइंडिंग डोळे झाकून, बाकीचं डोळे उघडे ठेवून

आमच्या कॉलेजात कुणाची पीएच.डी. जमा करायची वेळ आली की सगळे एकच पत्ता सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत, वर कारखाना आणि खाली दुकान. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मालक अण्णा माणूस भला आहे. सोलापुरात ज्याने थिसिस केलाय त्याला एवढ्यावरून कळेलच.

आधी बाइंडिंग, कारण ते खरंच बघण्यासारखं आहे. आजकाल बहुतेक ठिकाणी पानांच्या पाठीला गरम गोंद फासतात आणि कव्हर चिकटवून देतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ वर गेला की तो गोंद मऊ पडतो आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षकाच्या हातात तिसरं प्रकरण सुटं येतं. (आमच्या विभागात झालंय. नाव घेत नाही.) इथे मागच्या खोलीत एक चाचा बसतात. सुटी पानं शिकंज्यात आवळायची, पाठीशी भोकं पाडायची, जाड दोऱ्याने टोचून शिवायची, मग खळ. खळ घरचीच, मैद्याची, त्यात मोरचूद टाकलेलं, म्हणजे कसर लागत नाही. त्यावर पुठ्ठा, काळं रेक्झिन, शेवटी सोनेरी अक्षरं. माझ्या आडनावातला एक ठसा किंचित तिरका बसला होता. मला दिसलाही नव्हता. चाचांनीच चष्मा वर करून पाहिलं, जीभ चुकचुकली आणि ते रेक्झिन फाडून नवीन चढवलं. पैसे मागितले नाहीत.

हिशोब असा: २६८ पानांच्या ५ प्रती. रंगीत पानं १४, ती १० रुपयांना एक. बाकीची दीड रुपयाला. बाइंडिंग प्रतीला २८०. एकूण ४००५ झाले, अण्णांनी ४००० घेतले आणि चहा पाजला.

आता टायपिंग आणि पेज सेटिंग.

मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते. माझा थिसिस मराठी शब्दाचं मूळ रूप काढणाऱ्या प्रोग्रामवर आहे. 'घरातून' दिलं की 'घर', 'मुलांना' दिलं की 'मूल'. ऐकायला सोपं वाटतं. साडेतीन वर्षं गेली. थिसिस इंग्रजीत, उदाहरणं देवनागरीत. मला सगळं लाटेकमध्ये (शास्त्रीय लेखनाची मांडणी करणारा प्रोग्राम) करायचं होतं, पण गाईड सरांना दुरुस्त्या करायला वर्डच लागतं, मग वर्ड. समास, अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक या कटकटीला कंटाळून फाइल अण्णांच्या पुतण्याकडे दिली.

पोरगा हुशार आहे, हात यंत्रमागासारखा चालतो. पण तो काम करतो पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रामवर. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ साली आली. युनिकोडमधली (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जगभरची पद्धत) देवनागरी त्याला कळत नाही, नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. मग पोराने काय केलं, तर माझी सगळी उदाहरणं कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टमध्ये टाकली. कागदावर झकास दिसत होती. माझ्या मंगल फॉन्टपेक्षा देखणी, हे कबूल करते.

घरी येऊन पीडीएफ उघडली. 'घरातून' सिलेक्ट केलं, कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. आली ती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि एक डॉलरचं चिन्ह. जुन्या फॉन्टचा खेळच असा. आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, त्याच्या अंगावर चित्र तेवढं मराठी. ऱ्हस्व इकारसुद्धा दिसतो तसा अक्षराच्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये 'कि' म्हणजे आधी क, मग इकार, आपण उच्चारतो तसा. माणसाला फरक पडत नाही, मशीनला सगळाच पडतो. हा थिसिस पुढे शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या थिसिसांच्या ऑनलाइन साठ्यात चढणार. तो साठा गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. तिथे कुणी मराठी शब्द टाकून शोधला तर माझं एकही उदाहरण सापडणार नाही. मराठी शोध सोपा व्हावा म्हणून लिहिलेल्या थिसिसमध्येच मराठी शोधता येत नाही, म्हणजे कमालच!

याहून वाईट पान ११२ वर होतं. तिथे मी 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' शेजारीशेजारी ठेवले होते. पहिल्याचं मूळ 'आचारी', दुसऱ्याचं 'आचार्य'. एक लग्नात भात शिजवतो, दुसरा दक्षिणा घेतो. मराठीच्या या ऱ ला युनिकोडमध्ये ०९३१ ही स्वतंत्र जागा आहे आणि माझ्या प्रोग्रामची निम्मी मिजास त्याच अक्षरावर. कन्व्हर्टरने सगळे ऱ्य उचलून र्य करून टाकले. अख्ख्या तक्त्यात आचारी एकही उरला नाही, सगळेच आचार्य.

पोराला दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, परीक्षक एवढं बघत नसतेत ओ." अण्णा मात्र उठून आले, पडद्याजवळ डोळे नेले, दोन्ही शब्द मोठ्याने वाचले आणि पोराला तेलुगूत काहीतरी सुनावलं. सगळं पुन्हा वर्डमध्ये, युनिकोडमध्येच करून दिलं. चार दिवस गेले, पण जादा एक रुपया लागला नाही.

पोरगा अजून एक सेवा देतो, ती मी घेतली नाही. दुसऱ्यांच्या लिखाणाशी असलेलं साम्य कमी करून देतो म्हणे, पानाला तीन रुपये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० मध्ये सापडलात तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ६० च्या वर गेलात तर रजिस्ट्रेशनच रद्द. त्यामुळे लोक घाबरून येतात. पलीकडच्या पडद्यावर कुणाचं तरी प्रकरण चालू होतं, सहज नजर गेली. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'च्या जागी 'कोलॉसल इन्फर्मेशन'. सॉफ्टवेअर शब्दाला समानार्थी शब्द ठोकत जातं, दुसरं काय. २०२१ साली गियोम काबानाक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके असेच शब्द हुडकून छापील पेपरांतली लबाडी उघडी पाडली. त्यांनी नाव दिलं 'टॉर्चर्ड फ्रेजेस', छळलेले शब्द. तीन रुपयांत साम्य उतरतं, आणि चोरीचा पुरावा बाइंडिंग करून मिळतो.

आणि काउंटरवरचं ते कार्ड. 'पेपर पब्लिकेशन ३ दिवसांत. आयएसएसएन, डीओआय, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, ई-सर्टिफिकेट.' बरोबर आलेल्या सहकाऱ्याने ते लगेच खिशात घातलं. त्याला म्हटलं, बस जरा. आयएसएसएन हा जर्नलचा क्रमांक, म्हणजे गाडीची नंबर प्लेट, चालवणारा कसा आहे ते त्यावरून कळत नाही. पण प्लेट तरी खरी आहे का? त्याचा हिशोब चिठ्ठीवर होतो. पहिल्या सात आकड्यांना ओळीने ८, ७, ६ असं २ पर्यंत गुणायचं, बेरीज ११ ने भागायची, बाकी ११ मधून वजा करायची, की आठवा आकडा येतो. मला ४ आला. कार्डावर ७. नमुन्यादाखल छापलेला डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, मोबाइलवर टाकला, तर असा डीओआयच नाही म्हणे. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा संदर्भ इतर किती घेतात त्याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते. त्यांच्या यादीत या जर्नलचं नाव शोधायचं कष्टही घेतले नाहीत.

सहकारी बिचारा म्हणाला, "मग बघायचं कुठं?" प्रश्न रास्त आहे. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत थिसिसआधी एक पेपर सक्तीचा होता, २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण पेपर मागणारे काही मागायचे थांबलेले नाहीत. २०१९ पासून निदान मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादी होती. तीही आता बंद केली. कार्डवाल्यांची चंगळ.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "माझं काय न्हाई ओ मॅडम त्यात. एक एजंट ठेवून गेलाय. पेपरमागं दोनशे देतोय." मी चिठ्ठीवरचा हिशोब समजावला. त्यांनी नीट ऐकला, चिठ्ठी घडी घालून गल्ल्यात ठेवली. आठ दिवसांनी प्रती आणायला गेले तर कार्डं तिथेच होती, फक्त गणपतीच्या फोटोमागे सरकवलेली.

जाणार असाल तर एवढं करा. फाइल वर्डची असली तरी आपली पीडीएफ स्वतः काढा, तीच छापायला द्या. मराठी मजकूर असेल तर दोन-चार शब्द कॉपी-पेस्ट करून बघितल्याशिवाय सही करू नका. दुपारी दीड ते चार दुकान बंद. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत चाचा दुपारनंतर सापडत नाहीत. काउंटरवर यूपीआय चालतं, पण सोनेरी अक्षरं घाईत हवी असतील तर चाचांना पन्नास रोख द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे.