तालुक्याच्या तलावावरील प्रौढांचा पोहण्याचा वर्ग

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ठिकाणी २५ मीटर लांबीचा जलतरण तलाव असून तेथे सकाळी सहा वाजता केवळ प्रौढांसाठी वर्ग भरतो. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण लहानपणी पाठीला डबा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेले आहेत. त्यामुळे पाण्याची भीती कोणाला नाही, पण मान वर ठेवून पोहण्याची सवय पक्की झाल्याने कंबर आणि पाय खाली जातात व एका फेरीतच दम लागतो. प्रशिक्षक ही सवय चिकाटीने मोडतात. कठडा धरून पाण्यात श्वास सोडण्याचा सराव ते साठीच्या माणसाकडूनही आस्थेने करून घेतात, आणि एवढ्यासाठीच हा वर्ग मी कोणालाही सुचवीन. पाणी स्वच्छ असते. कपडे बदलायच्या खोल्या मात्र अपुऱ्या आहेत.

मोठी उणीव वेगळीच आहे. येथे कोणाचीही वेळ नोंदवली जात नाही आणि स्पर्धेचा विषय काढला की ‘आता या वयात कशाला?’ असे व्यवस्थापनाकडून ऐकावे लागते. प्रौढांच्या स्पर्धात्मक जलतरणाची सुरुवात नेमकी याच्या उलट विचारातून झाली. समोर स्पर्धा असेल तर मोठी माणसे नियमाने पोहतील आणि त्यातून त्यांची प्रकृती सुधारेल, असे अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांचे म्हणणे होते. जलतरण प्रशिक्षक जॉन स्पॅनथ यांनी ते उचलून धरले आणि मे १९७० मध्ये टेक्सासमधील अमरिलो येथे पहिली राष्ट्रीय ‘मास्टर्स’ म्हणजे प्रौढांची जलतरण स्पर्धा भरली. तिला अवघे ४६ जलतरणपटू आले होते. पुढे १९८६ मध्ये टोकियोला पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा झाली. आता या स्पर्धांत २५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात, म्हणजे ६२ वर्षांच्या शेतकऱ्याची शर्यत ६० ते ६४ वयाच्या लोकांशीच लागते. रिलेमध्ये तर चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरवतात. इतकी न्याय्य रचना फार थोड्या खेळांत आढळते.

तलाव आहे, उत्तम प्रशिक्षक आहेत, पोहणारेही आहेत. व्यवस्थापनाने एक स्टॉपवॉच आणि वयोगटवार नोंदवही ठेवावी, आणि कापसाची वेचणी आटोपल्यावर शेजारच्या तालुक्यांतील पोहणाऱ्यांना बोलावून एक दिवसाची स्पर्धा घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.