पिटा, कलम 143 की गोव्याचा बाल कायदा?

देहविक्रीच्या अड्ड्यावर धाड पडून गेली आहे, मुलगी ठाण्यात बसली आहे आणि गुन्हा लिहून घेतला जातोय. सोबत गेलेल्या कार्यकर्त्याने कुठलं कलम लावून मागायचं?

तोंडावर पहिला येतो तो ‘पिटा’, म्हणजे 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. कुंटणखाना चालवणारा, दलाल, बाईच्या कमाईवर जगणारा, सगळे यात सापडतात. जागाही बंद करता येते. खोट अशी, की गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल कलम 8 खुद्द बाईवरच लागू शकतं आणि कलम 17 खाली सज्ञान बाईलाही एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. सुटका म्हणायची ती हीच! 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन तरुणींना सोडलं. वेश्याव्यवसाय करणं हा पिटाखाली गुन्हा नाही, असंही बजावलं. नुसता पिटा लागत असेल तर मी तिथेच हरकत घेईन.

भारतीय न्याय संहितेचं कलम 143 थेट माणसांच्या तस्करीवर बोट ठेवतं. पीडितेची संमती होती, हा बचाव इथे चालत नाही. शिक्षा सात ते दहा वर्षं. पीडित अल्पवयीन असेल तर किमान दहा, कमाल जन्मठेप. वेठबिगारी, भीक मागायला लावणं, अवयव काढणं हेही यात येतं. मात्र जबाब नेमका हवा: कोणी आणलं, काय आमिष दाखवलं, घरच्यांना पैसे कोणी दिले. ‘फूस लावून आणले’ एवढ्या एका ओळीवर खटला उभा राहत नाही.

घटना गोव्यातली आणि पीडित अठराच्या आतली असेल, तर 2003 चा गोवा बाल कायदाही लावून घ्या. हा पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या केंद्रीय कायद्याच्या, नऊ वर्षं आधीचा, आणि त्याखाली स्वतंत्र बाल न्यायालय आहे. यात हॉटेलवालाही सुटत नाही: कुटुंबासोबत किंवा नातेवाइकासोबत नोंद नसलेल्या मुलाला खोलीत जाऊ देता येत नाही. म्हणून रजिस्टरात त्या खोलीपुढे कोणाची नावं आहेत, हे पंचनाम्यात आणायला लावा.

महाराष्ट्रात याच्या तोडीचा राज्य कायदा नाही. देवदासी प्रथेविरुद्धचा आहे, पण तो त्या प्रथेपुरता. तिथे मुलीसाठी 143 आणि पॉक्सो, सज्ञान बाईसाठी 143 आणि पिटाची फक्त दलाल-मालकावरची कलमं.

मुलगी अल्पवयीन असेल तर चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्या. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. त्यासाठी निकालापर्यंत थांबू नका, अंतरिम मदत आधीही मागता येते.