हंबकरचा टोन सुधारायचा आहे? आधी मॅग्नेट आणि पॉट, पिकअप शेवटी

हंबकर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा दोन कॉइलचा पिकअप, बसका वाटला की बहुतेकजण थेट नवा पिकअप शोधायला लागतात. तोही उपाय आहेच, पण रांगेत शेवटचा. त्याआधी सुट्या मिळणाऱ्या काही वस्तू आहेत: अल्निकोचे (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे) बार मॅग्नेट, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रोधक), कपॅसिटर, कव्हर आणि मेण. यांतले मॅग्नेट आणि पॉट आवाज खरोखर बदलतात, कव्हर आणि मेण ठरावीक दुखण्यावरच लागू पडतात, आणि महागड्या कपॅसिटरवर घातलेला पैसा बहुतेक वेळा पाण्यात जातो.

काहीही विकत घेण्याआधी मात्र स्क्रू-ड्रायव्हर घ्या. दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेचा तळ ते पोलपीसचा (पिकअपवर दिसणाऱ्या स्क्रूचा किंवा खुंटीचा) माथा हे अंतर मोजा. नेकच्या (मानेकडच्या) पिकअपला २.४ मिलिमीटर आणि ब्रिजच्या (घोडीकडच्या) पिकअपला १.६ मिलिमीटर हे सुरुवातीचं चांगलं माप. नेक पिकअप घोगरा वाटत असेल तर जाड तारांकडची बाजू अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने खाली न्या. तरीही आवाज साफ होत नसेल तर अख्खा पिकअप आणखी मिलिमीटरभर उतरवून सहा पोल स्क्रू एकेक फेरा वर काढा. स्क्रूची कॉइल तारेजवळ राहते, स्लगची (न फिरणाऱ्या खुंट्यांची) लांब जाते. दोन्ही कॉइल सारख्या जोराने बोलत नाहीत आणि स्वर वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. गुणगुण किंचित वाढते, पण हा सौदा परवडतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात आणि खर्च शून्य.

आता मॅग्नेट. कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक हाच पाडतो. नेहमीच्या हंबकरमध्ये दोन कॉइलच्या खाली ६३.५ × १२.७ × ३.२ मिलिमीटरची एकच पट्टी असते. अल्निको ५ ताकदवान: खर्ज घट्ट, वरचे स्वर खणखणीत, मधला भाग थोडा मागे. अल्निको २ मऊ: पिकचा पहिला ठोका बोथट होतो, मध्यम भाग पुढे येतो, खर्ज जरा सैल पडतो. अल्निको ३ या सगळ्यांत अशक्त, पण नेकला गोड आणि मोकळा. अल्निको ४ ला स्वतःचा रंग फारसा नाही आणि तोच त्याचा गुण. अल्निको ८ जोरकस, मध्यम भाग ठासून भरलेला. सिरॅमिक सगळ्यांत तिखट. यामागे नुसती ताकद नाही. अल्निको हा धातू असल्यामुळे तो कॉइलच्या गाभ्यात भर घालतो आणि इंडक्टन्स (कॉइलचा चढ्या स्वरांना होणारा विरोध) वाढवतो. सिरॅमिक ती भर जवळपास घालतच नाही, म्हणून त्याच कॉइलचा आवाज चढा आणि धारदार होतो.

एकच जादा मॅग्नेट घ्यायचा असेल तर आमचं मत अल्निको ४ ला. ब्रिजला अल्निको ५ टोचतो आणि अल्निको २ घातला की खर्ज ढिला होतो, अशा कात्रीत तो नेमका बसतो. जोडीला अल्निको २ असेल तर दोन गिटारींचे चारही पिकअप लावून पाहता येतात. 'खरबरीत ओतीव' आणि 'पॉलिश केलेला' असे दोन प्रकार वेगळ्या भावाने विकले जातात. त्या पृष्ठभागासाठी जादा पैसे मोजू नका. फरक पडतो तो मिश्रधातूने आणि मॅग्नेट किती चार्ज केलाय त्याने.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, पण चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आधी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून लिहून ठेवा. काम संपल्यावर आकडा तोच यायला हवा. कव्हर असेल तर तळाशी दोन बाजूंना सोल्डरचे डाग दिसतील, ते रुंद टोकाच्या ६० ते ८० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने वितळवून घ्या. बारीक टोकाचं आयर्न लावून मिनिटभर धरलीत तर सोल्डर तसंच राहतं आणि आतलं मेण नि बॉबिन तापतं. मग तळपट्टीचे चार स्क्रू सैल करा, काढू नका. दोन-तीन फेरे पुरतात. पोल स्क्रूही थोडे सैल करा, कारण ते मॅग्नेटच्या कडेशी असलेल्या लोखंडी पट्टीतून जातात आणि सगळं आवळून धरतात. आता मॅग्नेट एका टोकाकडून लाकडी काडीने ढकला. मेणात बुडवलेला पिकअप असेल तर हेअर ड्रायरची ऊब थोडा वेळ द्या. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नका: तो मॅग्नेटला चिकटतो, झटका बसतो आणि केसाएवढी कॉइलची तार तुटते. ती तुटली की पिकअप गेलाच समजा.

मॅग्नेट बाहेर काढण्याआधी पोल स्क्रूंकडच्या लांब, अरुंद कडेवर पेनने खूण करा. हंबकरच्या पट्टीचे ध्रुव सपाट बाजूंवर नसतात, या दोन लांब कडांवर असतात, आणि नव्यांची चूक नेमकी इथेच होते. जुन्याची खूण केलेली कड नव्याच्या एका कडेला लावा. ओढ लागली तर ती विरुद्ध ध्रुवाची कड, म्हणजे नव्यावर खूण तिच्या समोरच्या कडेवर करायची. उलटं बसवलंत तर पिकअप एकटा वाजवताना काहीच कळणार नाही. पण स्विच मधे टाकून दोन्ही पिकअप एकदम वाजवले की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा आणि खर्ज गायब. असं झालं तर वायर सोडवत बसू नका, मॅग्नेट काढून कडा अदलाबदल करून घाला.

मॅग्नेट बदलल्यावर उंची पुन्हा लावायलाच हवी. अशक्त मॅग्नेट घातला की आवाजाची पातळी उतरते, आणि कानाला जोरात वाजणारं ते चांगलं वाटतं. पिकअप थोडा वर घेऊन दोन्ही पातळ्या सारख्या केल्याशिवाय दिलेला कौल टोनचा नसतो, आवाजाच्या जोराचा असतो. इपॉक्सीत बुजवलेल्या ॲक्टिव्ह पिकअपना हा प्रयोग लागू नाही. ते उघडतच नाहीत.

पॉटचा भाग कमी मजेदार, पण तितकाच फायद्याचा. पाचशे किलोओहम असं छापलेल्या पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे हातात ४०० ही येऊ शकतो आणि ६०० ही. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही ५०० असतील तर पिकअपवर एकूण भार २५० किलोओहम पडतो. व्हॉल्यूमला ३०० बसवलेला असेल तर तोच भार १८७ वर येतो आणि वरचे स्वर मंदावतात. कारखान्यातून ३०० किलोओहमचे पॉट लावून आलेल्या गिटारी कमी नाहीत, आणि 'पिकअप बसका आहे' ही तक्रार अनेकदा तिथूनच येते. पॉट मोजायचा तर बाहेरच्या दोन टोकांवर, आणि सर्किटमधून सोडवून. जोडलेल्या अवस्थेत मोजलात तर मीटर आठ किलोओहमच्या आसपास काहीतरी दाखवेल. तो पॉट नव्हे, पिकअप मोजला गेला. चार पॉट घेतलेत तर चारही मोजा, सगळ्यात जास्त भरेल तो नेकच्या व्हॉल्यूमला आणि सगळ्यात कमी तो ब्रिजला लावा. ब्रिज टोचत असेल तर तिथे मुद्दाम ३०० किंवा २५० ही लावता येतो. सेमूर डंकन कंपनीच्या जेबी पिकअपला हा उपाय पुष्कळांनी करून पाहिलेला आहे.

घेताना तीन गोष्टी बघा. पॉटवर 'ए' लिहिलंय की 'बी': व्हॉल्यूमला 'ए' घ्या, 'बी' मध्ये सगळा बदल नॉबच्या शून्याकडच्या टप्प्यात गोळा होतो. दुसरं, पॉटच्या मानेची (नट बसतं त्या आट्यांच्या नळीची) लांबी: जाड, कोरीव लाकडाच्या गिटारीत आखूड मानेच्या पॉटचं नट बसतच नाही. तिसरं भोक: मोठ्या आकाराच्या पॉटला साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, छोट्या पॉटसाठी केलेलं भोक ८ च्या आसपास असतं. ते हाताच्या रीमरने वाढवा. ड्रिल लावलंत तर पॉलिशचा कपचा उडतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना जागा आधी खरवडून घ्या आणि तीन-चार सेकंदांत काम उरका. जास्त वेळ तापवलेल्या पॉटचा कार्बनचा पट्टा करपतो आणि नॉब फिरवताना खरखर सुरू होते.

कपॅसिटरबद्दल स्पष्टच बोलावं लागेल. तेलातला कागद, नारिंगी वेष्टन, जुन्या काळची प्रतिकृती या नावांखाली जे विकलं जातं त्यातलं आवाजाला लागू होतं ते फक्त मूल्य. टोन दहावर असताना त्याच्या वाटेत पाचशे किलोओहम उभे असतात. कपॅसिटरची जात कानापर्यंत पोचणार कशी? मूल्य मात्र बदलून बघा. साडेचार हेन्री इंडक्टन्सच्या पिकअपला ०.०२२ मायक्रोफॅरड लावून टोन शून्यावर नेला तर शिखर (ज्या वारंवारतेला पिकअप सगळ्यात जोरात बोलतो ती) ५०० हर्ट्झच्या आसपास येतं, ०.०१० लावला तर साडेसातशेच्या जवळ. नेकला ०.०१० किंवा ०.०१५ लावला तर टोनचा नॉब पूर्ण खाली नेऊनही आवाज चिखल होत नाही.

व्हॉल्यूम कमी केल्यावर वरचे स्वर गळतात, याला दोन उपाय आहेत. टोनचं कनेक्शन व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला न्यायचं (पन्नाशीच्या दशकातली वायरिंग म्हणतात ती हीच), किंवा व्हॉल्यूमच्या आत येणाऱ्या आणि मधल्या टोकांमध्ये १५० किलोओहमचा रोधक आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावायचा. दोन्ही एकदम करू नका, व्हॉल्यूम पाचवर नेला की आवाज किरकिरा होतो. पहिल्याला वेगळी वस्तू लागत नाही. फक्त टोन फिरवला की व्हॉल्यूमही थोडा हलतो, त्याची सवय करावी लागते.

केबलही याच सर्किटचा भाग आहे. मीटरला शंभर पिकोफॅरडच्या हिशोबाने सहा मीटरची केबल ६०० पिकोफॅरड घालते. आतल्या वायरचे शंभरेक धरले तर वर सांगितलेल्या साडेचार हेन्रीच्याच पिकअपचं शिखर २.८ किलोहर्ट्झला येतं. केबल तीन मीटर केली की तेच ३.७५ ला. घरात वाजवणाऱ्याने आधी आखूड केबल लावून बघावं.

कव्हर बदलायचं तर निकेल सिल्व्हरचं घ्या. नावात चांदी असली तरी आत तांबं, जस्त आणि निकेलच असतं. पितळेचं कव्हर विजेला जास्त वाट देतं, त्यात भोवरे प्रवाह फिरतात आणि वरचे स्वर मारले जातात. ओळखायचं कसं? आतल्या कडेला सुईने ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर पितळ. मोठ्या आवाजात शिट्टी वाजत असेल तर कव्हर आणि बॉबिनमधली पोकळी भरायला मेण: पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६५ अंशांपर्यंत, बुडबुडे थांबेपर्यंत. थर्मामीटरशिवाय करू नका, काही बॉबिन याहून थोड्या जास्त उष्णतेने वाकतात. आणि मेण थेट आचेवर कधीही नाही, ते पेट घेतं.

एवढं करूनही जमत नसेल, किंवा रोध मोजल्यावर मीटर काहीच दाखवत नसेल, तर मात्र नवा पिकअप. निवडताना रोधाच्या आकड्यावर विसंबू नका. सेमूर डंकनच्या ५९ चा ब्रिज पिकअप आठ किलोओहमच्या जवळ, आणि जेबी सोळाच्या वर. पण जेबीची तार ४४ गेज, म्हणजे मुळात बारीक, त्यामुळे दुप्पट आकडा म्हणजे दुप्पट फेरे नव्हेत. स्वच्छ आवाज आणि मध्यम ड्राइव्ह दोन्ही हवं असेल तर ५९. अल्निको २ चा, मेण न लावलेला सेथ लव्हर त्याहून मोकळा, पण जोरदार गेनवर शिट्टी मारणारच, ती तक्रार नंतर करू नये. जड डिस्टॉर्शनसाठी डिमार्झिओचा सिरॅमिकवाला सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून आहे आणि आजही त्याच कामाचा.

एकाच गिटारीत दोन कंपन्या मिसळताना रंगांकडे लक्ष द्या. डंकनमध्ये काळी वायर गरम (सिग्नलची), हिरवी आणि उघडी जमिनीला (ग्राउंडला), लाल-पांढरी एकमेकींना जोडून गुंडाळायच्या. डिमार्झिओमध्ये लाल गरम, हिरवी आणि उघडी जमिनीला, काळी-पांढरी एकत्र. एकीचा तक्ता बघून दुसरीची जोडणी केलीत तर पिकअप एकटा वाजवतानाही तोच नाकातला आवाज येईल, किंवा दोनपैकी एकच कॉइल बोलेल.