प्रगामी तरंग आणि स्थिर तरंग: कृष्णेचं पाणी, मिरजेची तार

सांगलीच्या घाटावरून कृष्णेत खडा टाका. तरंग ऊर्जा घेऊन पसरत जातो, पाणी मात्र जागच्या जागी हलतं. हा प्रगामी तरंग. यात प्रत्येक कणाची हलायची पाळी येतेच.

खरी गंमत मिरजेच्या तंबोऱ्यात. छेडलेल्या तारेवर तरंग दोन्ही टोकांवरून परततात, एकमेकांत मिसळतात आणि स्थिर तरंग तयार होतो. यात निस्पंद नावाचे बिंदू हलतच नाहीत, प्रस्पंद नावाचे बिंदू सर्वांत जास्त थरथरतात. लगतच्या दोन निस्पंदांत अर्ध्या तरंगलांबीचं अंतर. तारेच्या मध्यावर बोट अलगद टेकवून छेडा: मूळ स्वर जातो, वरच्या सप्तकातला उमटतो. पुस्तकातल्या आदर्श तारेत ऊर्जा अडकूनच राहते. खऱ्या तारेतली थोडी ऊर्जा घोडीवाटे (तार जिच्यावर टेकते त्या पट्टीवाटे) भोपळ्यात उतरते, म्हणून तर तंबोरा ऐकू येतो.