कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर: गावाबाहेरच्या घरासाठी

आधी निकाल सांगते, कारणं मागून. घर गावाबाहेर आहे, परवाना हातात आहे आणि पैसा मोजून-मापून आहे, तर कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं साधं पोलादी .३२ रिव्हॉल्व्हर घ्या. हलक्या, महागड्या 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरच्या मागं लागू नका. निदान 'बायकांसाठी बरं' म्हणून तर मुळीच नाही.

आमचं कृषी केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, रोडला लागून. खाली दुकान, मागं खताचं गोदाम, वर आम्ही. हे निम्मा महिना कामानं बाहेर, त्यामुळे घरात मी अन् सासूबाई. जूनमध्ये बियाण्याचा आणि नोव्हेंबरात हरभरा-गव्हाचा सीझन आला की बँक बंद झाल्यावरची वसुली रात्री घरातच राहते, आणि हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. परवान्याच्या अर्जात मी हेच लिहिलं होतं.

परवान्याचं थोडक्यात. आपल्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज जातो, ठाण्याचा चौकशी अहवाल येतो, वैद्यकीय दाखला आणि हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. वय २१ च्या वर हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. चकरा किती होतील ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर. कुणी 'लवकर करून देतो' म्हणालं तर चहा पाजा अन् वाटेला लावा.

आता हत्यार. आपल्या देशात .३८ किंवा ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं ते माप सामान्यांना बंद. म्हणून ज्याच्या-त्याच्या कमरेला .३२. त्यात कानपूरचं जुनं मॉडेल म्हणजे वेबली अँड स्कॉटच्या नमुन्यावर बेतलेलं, सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं. मागची कळ अंगठ्यानं दाबली की नळी पुढं झुकते, मधली चांदणी वर येते आणि रिकामी काडतुसं एकदम बाहेर पडतात. चेंबर रिकामे आहेत की नाही हे कंदिलाच्या उजेडातही दिसतं. माझ्यासारख्या, वर्षातून मोजक्याच वेळा हात लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट सोन्यासारखी. मॅगझिनवालं 'अशनी' पिस्तूल मी याच कारणानं सोडलं. मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीत राहू शकते, हे रोज हाताळणाऱ्याच्या ध्यानात राहतं. हिशेबाच्या वह्यांत डोकं घातलेल्याच्या राहीलच असं नाही.

नागपूरच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या भाऊंनी न विचारताच निर्भीकची पेटी उघडली. "ताई, लेडीज पीस आहे. पर्समध्ये बसते."

"भाऊ, मी युरियाची पोती सरकवते. पर्स कुठून आणू?"

तेही हसले, पण पेटी काही बंद केली नाही. निर्भीक दिसायला देखणं, यात वाद नाही. २०१४ च्या जानेवारीत आलं तेव्हा महिलांसाठी म्हणूनच त्याची जाहिरात झाली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलोच्या आसपास, आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. मी दोन्ही रिकामी हत्यारं हातात धरून पाहिली. ट्रिगर दोन्हींचा जडच. पण जड ट्रिगर ओढताना हलकं हत्यार जास्त थरथरतं, पोलादी आपल्या वजनानं जागेवर राहतं. गोळी सुटल्यावरचा झटकाही हलक्यात हाताला जास्त बसणार, त्याला शास्त्र वेगळं लागत नाही. शिवाय मला ते दिवसभर अंगावर वागवायचं नाही, घरात ठेवायचं आहे. मग दोनशे ग्रॅम वाचवायला जास्तीचे पैसे कशाला?

'निडर' नावाचं .२२ सुद्धा आहे, अडीचशे ग्रॅमचं, या सगळ्यांत स्वस्त. दुकानात शिल्लक नव्हतं, अन् असतं तरी घेतलं नसतं. त्या गोळीचा भरवसा मला वाटत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' आलं. तेही कानपूरचंच, .३२, सातशे ग्रॅम. याचं सिलिंडर बाजूला उघडतं, नळी मोडावी लागत नाही, आणि ५० मीटरपर्यंत मारा असल्याचं सांगतात. नंतर एकदा काउंटरवर हाताळलं. ट्रिगर जुन्यापेक्षा खरंच मऊ वाटला. पैशाची ओढाताण नसेल त्यानं ते जरूर पाहावं. मात्र ५० मीटरच्या आकड्यावर भुलू नका. आमच्या जिन्यात वरच्या पायरीपासून खालच्या दारापर्यंत पाच मीटरसुद्धा भरत नाहीत.

किमतीचं रडगाणं वेगळंच. मला त्या वेळी टॅक्ससकट लाखाच्या जरा वर पडलं, तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर ४० टक्के आहे, म्हणजे खासगी विमान आणि याट घेणाऱ्यांच्या पंगतीत आता कपाशीवाला कास्तकारही जेवायला बसला! भंडारा, भद्रावती, अंबाझरी, एवढे ऑर्डनन्सचे कारखाने विदर्भात, अन् रिव्हॉल्व्हर आणायचं कानपूरहून. काडतुसं तेवढी घरची, खडकीची. तीही महाग. त्यामुळे सरावाला हात आखडतो, आणि सराव नसेल तर या हत्याराचा काही उपयोग नाही.

कारण खरी खोट ट्रिगरमध्येच आहे. मागचा घोडा अंगठ्यानं न चढवता नुसता ट्रिगर ओढला की बोट अर्ध्यात येऊन अडल्यासारखं होतं, मग एकदम सुटतं, आणि नेम हलतो. रेंजवर माझ्या सुरुवातीच्या गोळ्या कागदाच्या कडेला बसल्या. शिकवणाऱ्या सरांनी मग आधी अंगठ्यानं घोडा चढवायला लावला, तसं ट्रिगर हलका होतो आणि गोळ्या मधोमध येऊ लागल्या. दहा मीटरच्या पुढं मात्र याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. नेम धरायची पुढची माशी बारीक आहे, अंधारात दिसतच नाही. मुठीच्या पट्ट्याही गुळगुळीत, घामेजल्या हातात फिरतात.

दुसरी तक्रार गंजाची, आणि ही खास आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगी. पोलादावरचा काळा मुलामा पातळ आहे. पावसाळ्यात, त्यातून खताच्या गोदामाजवळ, लोखंड कसं खाल्लं जातं ते आमचं शटर बघा. सुरुवातीला मी ते चामडी कव्हरमध्येच ठेवत होते, तर पोळ्याच्या सुमारास नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके. चामडं ओल धरून ठेवतं. आता कव्हर वेगळं, रिव्हॉल्व्हर तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात, वरच्या मजल्यावर भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पेटीत. काडतुसं दुसऱ्या कुलपात. दिवाळीत नातवंडं आली की दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. सासूबाईंना किल्ली कुठं असते ते माहीत नाही, आणि त्यांची तशी इच्छाही नाही.

निवडणूक आली की स्क्रीनिंग समितीच्या यादीत नाव लागल्यावर हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा झाली, मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, नेमकं रब्बीच्या विक्रीत. म्हणजे गल्ला घरात अन् रिव्हॉल्व्हर ठाण्यात. पावती जपून ठेवा आणि जमा करताना नंबर स्वतः ताडून घ्या. पण त्या महिन्यात माझी भिस्त होती ती जिन्याच्या लोखंडी दारावर, अंगणातल्या हॅलोजनवर आणि आमच्या काळ्या कुत्र्यावर. खरं विचाराल तर पहिला खर्च त्यांच्यावरच करा. रिव्हॉल्व्हर त्यानंतर.

गावात मला अजून विचारतात, "काहो वयनी, वाघासाठी घेतलं काय?" टिपेश्वर अभयारण्य जवळ, त्यामुळे विचारणाऱ्याची चूक नाही. पण वाघ सोडा, रोह्या-डुकरावरही हे चालवायचं नसतं. तसं केलं तर वन्यजीव कायदा आहे, परवानाही जाईल. पीक राखायला कायद्यात भरमार, म्हणजे तोंडाकडून बार भरायच्या, बंदुकीचा परवाना वेगळा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि चोरावरसुद्धा मनात येईल तशी गोळी झाडता येत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर आपणच आरोपी. अर्ज करण्याआधी एखाद्या वकिलाकडून ती समजून घ्या.

घरात आजा-सासऱ्यांची बारा बोअरची लांब बंदूक पडून असेल तर आधी तिचा वारसा परवाना आपल्या नावावर होतो का ते बघा. मोकळ्या वावरातल्या घराला ती रिव्हॉल्व्हरपेक्षा बरी, आणि खर्चही कमी. आमचा जिना अरुंद, तिथं लांब नळी वळत नाही, म्हणून मी या फंदात पडले.

दुकानात जाताना मूळ परवाना न्या, झेरॉक्सवर कुणी हत्याराला हातही लावू देत नाही. आणि पेटी बंद करायच्या आधी तिथंच दहा वेळा रिकामा ट्रिगर ओढून बघा. एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघत नाहीत. माझा तिसरा नग होता.