सैनिक यंत्रमानव: चाप माणसाकडे की यंत्राकडे?

सैन्यात यंत्रमानव वापरायचा तर पर्याय दोन. पहिला पर्याय दूरनियंत्रित यंत्राचा. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचा ‘दक्ष’ यंत्रमानव बॉम्बपाशी जातो, चालवणारा जवान सुमारे ५०० मीटर लांब राहतो. स्फोट झालाच तर लोखंड जातं, कुणाच्या घरचा माणूस नाही. मला हे मनापासून पटतं. अडचण एवढीच की शत्रूनं रेडिओ लहरी जाम केल्या की यंत्र अडकतं.

म्हणून दुसरा पर्याय पुढे येतो: लक्ष्य स्वतःच निवडून गोळी झाडणारं यंत्र. ते थकत नाही, घाबरत नाही. पण हात वर करणारा शरण येतोय की काही फेकतोय, हे ते खात्रीनं ओळखेल? आणि चुकलं तर खटला कुणावर, अधिकाऱ्यावर की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर?

गिरगाव चौपाटीवरून जाताना तुकाराम ओंबळे आठवतात. २६/११च्या त्या रात्री हाती फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, आणि तो जिवंत सापडला. तिथे स्वतः ठरवणारं यंत्र असतं, तर त्यानं बहुधा गोळीच झाडली असती. मग न्यायालयात उभं करायला कुणी उरलं नसतं.

माझं मत पहिल्या पर्यायालाच. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०१४पासून स्वतः लक्ष्य निवडणाऱ्या अशा शस्त्रांवर चर्चा चालली आहे.