डेल्फ्ट-थ्रीडी: खाडीतील क्षारतेच्या अभ्यासासाठी परवडणारे सॉफ्टवेअर

समुद्राचे पाणी खाडीतून किती आतपर्यंत शिरते, हा प्रश्न कोकणातील खारभूमीच्या शेतीसाठी, काठावरच्या विहिरींसाठी आणि नळपाणी योजनांच्या जॅकवेलसाठी (पाणी उपसण्याच्या विहिरींसाठी) जिव्हाळ्याचा असला, तरी त्याचे गणित मांडणारी व्यापारी सॉफ्टवेअर लहान संस्थांना आणि महाविद्यालयांना परवडत नाहीत. नेदरलँड्समधील डेल्टारेस या संस्थेने २०११ मध्ये डेल्फ्ट-थ्रीडी या पाण्याच्या हालचालीचे गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रवाह विभागाचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली (कोणालाही तो वापरण्याची आणि बदलण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली) खुला केला, ही म्हणूनच मोठी सोय आहे.

या सॉफ्टवेअरची खरी ताकद क्षारतेच्या मांडणीत दिसते. गोड्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १,००० किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०२५. एवढ्याशा फरकाने जड पाणी तळाशी सरकत आत येते, आणि डेल्फ्ट-थ्रीडी पाण्याचे थर पाडून हे सरकणे मोजते. ओहोटी संपून भरती लागताच मुखाशी येणारे पाणी लगेच पूर्ण खारे नसते, कारण थोड्या वेळापूर्वी बाहेर गेलेले मचूळ पाणीच आधी परतते. ही क्षारता पुन्हा समुद्राइतकी होण्यास किती मिनिटे लागावीत, हे येथे पृष्ठभागासाठी आणि तळासाठी वेगवेगळे देता येते. मुखाशी क्षारतेची नोंद सतत घेणे ज्यांना शक्य नाही, त्यांना ही सोय फार उपयोगी पडते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. थर तळाच्या चढउताराला धरून चालत असल्यामुळे, जिथे तळ अचानक खोल जातो तिथे गणितातच खारे आणि गोडे पाणी प्रमाणाबाहेर मिसळते. त्यावरची दुरुस्ती उपलब्ध आहे, पण ती आठवणीने चालू करावी लागते. गणनेसाठी खाडीवर आखायची जाळी चौकोनी घरांची असल्याने वळणावळणाच्या अरुंद खाडीत ती नीट बसवण्यात बराच वेळ जातो. शिवाय थर वाढवले की साध्या संगणकावर गणना फारच रेंगाळते.

केवळ क्षारता कुठवर पोहोचेल याचा पहिला अंदाज हवा असेल, तर डच शास्त्रज्ञ ह्यूबर्ट सावेनाय यांची सूत्रे एक्सेलमध्येही मांडता येतात. मात्र ती मुखापासून आत एकसारख्या निमुळत्या होत जाणाऱ्या गाळाच्या खाड्यांसाठी आहेत, म्हणून खडकाळ काठांच्या कोकणी खाड्यांत ती जपून वापरावीत. वाशिष्ठीसारख्या नदीत तर कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणी उतरते आणि वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होते; तेथे स्थिर प्रवाह गृहीत धरणारे सूत्र अपुरे पडते आणि डेल्फ्ट-थ्रीडीच हाती घ्यावे लागते.

सॉफ्टवेअरवर वाचलेला पैसा खोलीच्या मोजणीसाठी राखून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. जेबको या समुद्रतळाच्या खोलीच्या जागतिक प्रकल्पाचा विनामूल्य नकाशा साधारण ४५० मीटरच्या घरांचा असल्याने दोनशे मीटर रुंदीची खाडी त्यात दिसतच नाही. होडीवर इको-साउंडर (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र) लावून खोली घ्यावी, आणि क्षारतेची मोजणी उन्हाळ्यात, पृष्ठभागाशी व तळाशी, उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि भांगालाही (लहान भरतीला) करावी. एकाच भरतीच्या आकड्यांवर जुळवलेले प्रारूप दुसऱ्या पंधरवड्यात चुकते.